बिस्मथची बाटली

सुंदराबाईच्या हातांकडे पाहिलं तर कोणालाही वाटावं, ही बाई कोणाच्या तरी घरची भांडी घासते. नखं सोड्यानं पांढरी पडलेली, बोटांच्या पेरांना भेगा, उजव्या अंगठ्यावर काच लागल्याचा जुना व्रण. तसं वाटलं तर त्यात चूकही नव्हती. ती भांडीच घासत होती. फक्त ती भांडी काचेची होती, आणि घर म्हणजे अमरावतीतल्या एका कॉलेजची रसायनाची लॅब होती.

माहेर तिचं अकोल्याचं. बाप कापसाच्या जिनात, भाऊ जिनात, आणि लग्न होईपर्यंत तीही जिनातच. कापसाची धूळ छातीत बसून तिला असा खोकला लागला होता की सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं बजावलं, "पोरी, पुन्हा जिनाच्या दारात उभी राहू नको." मग देवरावशी लग्न होऊन ती अमरावतीला आली आणि खोकला हळूहळू गेला. देवराव लॅबमध्ये हमाल होता. पंचावन्न साली विषमज्वरात तो गेला. घरात उरल्या दोघी, सुंदराबाई आणि तिची सासू जाईबाई. रसायनाचे मुख्य प्राध्यापक मोरोपंत यांनी महिन्याभरानं लॅबच्या जुन्या गड्याकडून, बुधाजीकडून, निरोप पाठवला, देवरावच्या बायकोला विचार, काच धुवायला येते का.

ती आली. रोजंदारीवर आली आणि रोजंदारीवरच राहिली.

छप्पन साली दसऱ्याला सासू-सून दोघी नागपूरला जाऊन आल्या. घरातले टाक आणि तसबिरी विहिरीत सोडल्या आणि भिंतीवर बुद्धाचं एक साधं चित्र लावलं. रोज कामावर निघण्याआधी सुंदराबाई त्या चित्रापुढं दोन मिनिटं डोळे मिटून बसे, वंदना म्हणे, मग पदर खोचून वाटेला लागे. लॅबमध्ये कोपऱ्यात तिवईवर पिण्याच्या पाण्याचा माठ असे. तो भरायचं काम लॅबमधल्या दुसऱ्या बाईकडं, पार्वताबाईकडं. सुंदराबाईनं काचेला हात लावायचा, माठाला नाही, असं कोणी कधी तोंडानं बोललं नव्हतं, पण ठरलेलं होतं. ती घरून पाण्याची लोटी घेऊन येई.

तिसरीपर्यंत शाळा झालेली, त्यामुळं मराठी वाचता येई. बाटल्यांवरची नावं मात्र सगळी इंग्रजी. पण तिला नावांची गरजच पडत नसे. कोणतं औषध नळीला काय करतं, यावरून ती ते ओळखे. चांदीचं असेल तर नळी काळी पडते, लोखंडाचं असेल तर तांबूस कीट धरतं, तांब्याची निळाई एका पाण्यात निघते. जांभळ्या पाण्याचा तपकिरी डाग लिंबू लावल्याशिवाय जात नाही. तिला त्या बाटल्या माणसांसारख्या वाटत. कोण सरळ, कोण हट्टी, कोण आतल्या गाठीचं, हे धुणारीइतकं कोणाला कळणार?

त्यातलं सगळ्यात हट्टी होतं बिस्मथ. बाटलीत पाहावं तर विहिरीच्या पाण्यासारखं नितळ. मुलं प्रॅक्टिकल आटोपून तशीच नळी टाकून जात, आणि सुंदराबाई सवयीनं नळाखाली धरी. पाणी लागायचा अवकाश, आत पांढरा राप बसे. चुना फासल्यासारखा. मग घासा, सोडा लावा, राख लावा, काही उपयोग नाही. पहिलं वर्षभर तिनं त्या नळ्यांपायी बोटं सोलून घेतली. मग एकदा चुकून एका नळीतलं उरलेलं ॲसिड दुसऱ्या रापलेल्या नळीत पडलं आणि राप असा विरघळला जणू कधी नव्हताच. तेव्हापासून तिनं आपली रीत ठरवली. बिस्मथची नळी असेल तर आधी ॲसिडचा हात फिरवायचा, मग पाणी दाखवायचं. अँटिमनीलाही तेच, कथिलालाही तेच.

पण एकोणसाठ साली एक अपघात झाला. एका मुलानं कडक ॲसिडात वरून पाणी ओतलं. ते असं उसळलं की त्याचं तोंड भाजलं, डोळा जाता जाता राहिला. मोरोपंत त्या दिवसापासून बदलले. रंगारी बोलावून त्यांनी लॅबच्या समोरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहून घेतलं, 'आधी पाणी, मग ॲसिड.' मुलं ते रामरक्षेसारखं घोकत. आणि दुसरा हुकूम तोंडी निघाला, गड्यांनी आणि बायांनी ॲसिडला हात लावायचा नाही. लावलेला दिसला तर त्याच दिवशी घरी.

सुंदराबाईनं मान डोलावली. पण बिस्मथच्या नळ्या काही तिच्यापुरत्या बदलल्या नाहीत. ती मोरीच्या दाराआड उभी राहून, पाठ वळवून, मुलांनी नळ्यांत सोडलेलं ॲसिड या नळीतून त्या नळीत फिरवत राहिली. चोरी करणाऱ्यासारखी. तीन वर्षं.

एकसष्टच्या दिवाळीत बुधाजी निवृत्त होऊन आपल्या गावी, शेंदूरजनाघाटला, गेला. जाताना म्हणाला, "संत्रा निघाला की टोपली धाडतो बरं, साहेब." बाटल्या भरायचं त्याचं काम शैलाबाईंकडं आलं. शैलाबाई म्हणजे नवीन डिमॉन्स्ट्रेटर. अकोल्याच्या वकिलाची मुलगी, नागपूरहून एम. एस्सी. होऊन जूनमध्येच लागलेली. वयानं सुंदराबाईहून दहा वर्षांनी लहान, पण शिस्तीची. मुलं त्यांना हसत आणि घाबरतही.

बासष्टच्या फेब्रुवारीत दोन गोष्टी एकदम आल्या. पंधरवड्यानं परीक्षेची प्रॅक्टिकल होती, नागपूरहून परीक्षक यायचे होते. आणि कॉलेजची कमिटी रोजंदारीवरच्या तिघांना कायम करणार होती. मोरोपंतांनी लॅबमधून सुंदराबाईचं नाव घातलं होतं. यादी शनिवारी जायची होती. आणि ज्याचं नाव यादीत नसेल त्याला जूनपासून कामही नाही, असं कमिटीनं ठरवलं होतं. सुंदराबाईला त्याचा अर्थ चांगला कळत होता. यादीत नाव म्हणजे अमरावती. नाव नाही म्हणजे अकोला, भावाचं घर आणि जिन.

त्या बुधवारी सकाळी शैलाबाईंनी परीक्षेच्या बाटल्या भरायला घेतल्या.

"सुंदराबाई, दोन मोठ्या बाटल्या द्या. स्वच्छ धुतलेल्या."

"ह्या घ्या, बाई. चार पाण्यातून काढल्या."

शैलाबाईंनी बाटलीत डिस्टिल्ड पाणी घेतलं, बिस्मथचं मीठ, म्हणजे क्लोराईड, तोलून त्यात टाकलं आणि हलवलं. सगळं दुधासारखं पांढरं झालं. त्यांनी कपाळाला आठी घातली. दुसरी बाटली घेतली. पुन्हा तेच. बिस्मथचं मीठ त्या काळी सहज मिळत नसे, परदेशातून यायचं, परवान्यावर. डब्यात होतं नव्हतं ते जवळजवळ सगळं त्या दोन बाटल्यांत गेलं होतं.

बाटली टेबलावर आदळल्याचा आवाज ऐकून मोरोपंत आपल्या खोलीतून बाहेर आले.

"काय झालं?"

"सर, दोन्ही बाटल्या गढूळ झाल्या. पाणी डिस्टिल्ड होतं, मीठ नव्या डब्यातलं. बाटल्यांतच काहीतरी राहिलंय. सोडा असणार."

मोरोपंतांनी बाटली उजेडाला धरली. "सुंदरा, किती पाण्यातून काढल्या होत्यास?"

"चार, साहेब."

"मग हे काय, म्हशीचं दूध आहे?"

मोरोपंत वाईट माणूस नव्हते, पण परीक्षा जवळ आली की त्यांचा तोल जाई. "पंधरा दिवसांवर परीक्षा, आणि ही बाटल्या धुण्याची तऱ्हा! शनिवारी यादी जायची आहे. मला विचार करावा लागेल." एवढं बोलून ते खोलीत गेले.

पार्वताबाई माठात घागर रिती करत होती. ती तेवढ्यात म्हणाली, "अवो सुंदराबाई, सोडा लई सवंग झाला वाटते बाजारात."

सुंदराबाईनं तिच्याकडं पाहिलंही नाही. ती त्या बाटल्यांकडं पाहत होती. पांढरं हळूहळू तळाशी बसत होतं. ती आंधळी असती तरी तिनं तो राप ओळखला असता. हा सोडा नव्हता. हे तेच, पाणी आधी लागल्यावर बिस्मथ करतं ते. तिच्या ओठापर्यंत आलं होतं. पण हे तुला कसं ठाऊक, असं विचारलं असतं तर काय सांगणार होती ती? दाराआड उभी राहून तीन वर्षं ॲसिड फिरवते म्हणून?

संध्याकाळी ती तशीच घरी गेली.

जाईबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. सुनेचं तोंड पाहून तिनं परातीतला हात थांबवला.

"काहून वं, कारलं खाऊन आली का?"

सुंदराबाईनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "खरं सांगाव तं ॲसिडले हात लावला म्हनून काढतीन. नाई सांगाव तं सोडा ठेवला म्हनून काढतीन."

"म्हंजे दोन्हीकून जाचंच हाय."

"हो ना."

"मंग खरं बोलून जाय ना, बापा! लबाड म्हनून गेली तं अकोल्यापावेतो टोचत जाईन. खरं बोलून गेली तं गाडीत झोप तरी लागन." जाईबाईनं भाकर तव्यावर टाकली. "आन् मी काही येत नाई अकोल्याले. तुह्या भावाची बायको चहात गूळ घालते का माती घालते, समजत नाई."

सुंदराबाईला एवढ्यातही हसू आलं. मग ती चित्रापुढं बसली. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी तिची जीभ अडखळली. खोटं बोलणार नाही, असं त्यात आहे. गप्प बसणं खोट्यात धरायचं की नाही, ते त्यात सांगितलेलं नाही. ती बराच वेळ तिथंच बसून राहिली. उठली तेव्हा तिचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी लॅब उघडताच ती मोरोपंतांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. शैलाबाई आतच होत्या, हजेरीवर सही करत.

"साहेब, बाटलीत सोडा नोहता."

मोरोपंतांनी चष्मा वर केला. "हे काल का नाही बोललीस?"

"काल बोलली असती तं दुसरी गोष्टबी सांगा लागली असती."

आणि तिनं ती दुसरी गोष्ट सांगितली. नळ्यांचा राप, ॲसिडचा हात, मोरीचं दार, तीन वर्षं, सगळं. मोरोपंतांचा चेहरा तांबडा होत गेला.

"ॲसिड? मी सांगितल्यावर? त्या मुलाचा डोळा विसरलीस?"

"विसरली नाई, साहेब. त्याचं तोंड म्याच धुतलं होतं."

ते खरं होतं. त्या दिवशी सगळे आरडाओरडा करत असताना त्या मुलाचं डोकं नळाखाली धरून ठेवणारी हीच होती.

"मी बाटलीतलं वतत नाई," सुंदराबाई म्हणाली. "पोरं जे ठेवून जातात, तेच फिरवते. आन् मी सांगते ते खोटं वाटन तं पाहून घ्या. ती दुधाची बाटली तशीच हाय. थोडं नळीत काढा आन् वरून ॲसिड टाका. सोडा असन तं फसफसन. बिस्मथ असन तं चुपचाप निवळन."

शैलाबाई उठल्या. "सर, बघायला काय हरकत आहे?"

"ॲसिड तुम्ही घालायचं," मोरोपंत म्हणाले. "हिनं नाही."

तिघं बाहेर टेबलापाशी आली. शैलाबाईंनी पांढरं पाणी नळीत घेतलं आणि थेंब थेंब ॲसिड सोडलं. फसफसलं नाही. दुधाचं ताक झालं, ताकाचं निवळशंख पाणी झालं. नळीच्या पलीकडची भिंत दिसायला लागली.

"आता हे मोठ्या भांड्यातल्या पाण्यात वता," सुंदराबाई म्हणाली.

ओतलं. पांढरा ढग उठला.

शैलाबाईंनी नळी स्टँडमध्ये ठेवली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगंबाई! ही तर बिस्मथची खूण. मुलांना हेच शिकवते मी, थोडं पाण्यात ओता, पांढरं झालं की बिस्मथ समजा. गेल्या आठवड्यात चार बॅचना दाखवलं! आणि स्वतः बाटली भरायला घेतली तर..." त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. हातभर अक्षरं. आधी पाणी, मग ॲसिड.

मोरोपंतही तिकडंच पाहत होते.

"चूक माझी आहे, सर," शैलाबाई म्हणाल्या. त्यांची स्वतःची नोकरीही अजून कच्ची होती, पण त्या अडखळल्या नाहीत. "मीठ आधी ॲसिडात मुरवायला हवं होतं. बाटल्या स्वच्छच होत्या."

"बुधाजी कसा करायचा?" मोरोपंत पुटपुटले.

"दार लावून," सुंदराबाई म्हणाली. "त्याचा हुन्नर होता तो. कोनाले पाहू देत नोहता."

मोरोपंतांच्या मिशीत काहीतरी हललं. "त्याला मीच शिकवलं होतं. सत्तेचाळीस साली. मग मी विसरलो आणि त्यानं लक्षात ठेवलं." खुर्ची ओढून ते तिथंच टेबलाशी बसले. यादीचं मात्र काही बोलले नाहीत.

सुंदराबाईला खरं तर जायला हवं होतं. पण इतक्या वर्षांचा एक प्रश्न पोटात होता, आणि आता जायचंच असेल तर विचारून जावं, असं तिला वाटलं.

"बाई, एक सांगा. पानी ह्यालेच काहून लागते? तो कार्बन टेट हाय ना, डाग काढाचा, त्याच्यावर पानी दोन दोन दिवस राह्यते, काहीच होत नाई. तो खाली, पानी वर, जसे शेजारी. आन् कपाटातली ती कथिलाची बाटली, दिसाले तशीच, पन झाकन उघडलं की हवेतल्या ओलीनंच धूर सोडते. पानी तेच. मंग एकाले लागते, एकाले नाई, असं काहून?"

शैलाबाईंनी तिच्याकडं निरखून पाहिलं. बी. एस्सी.च्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मग त्यांनी आजूबाजूला नजर टाकली. खिडकीत बुधाजीनं बसच्या कंडक्टरबरोबर धाडलेली संत्र्यांची टोपली होती, दोन दिवसांपूर्वी आलेली. टेबलावर डाग काढायची लिंबं. मुलांनी खिडकीच्या फळीवर टाकलेली चार-दोन बोरं.

त्यांनी एक बोर घेतलं आणि त्याच्याभोवती चार लिंबं दाबून धरली. "हे बोर म्हणजे कार्बन. लिंबं म्हणजे क्लोरीन. बोर दिसतंय?"

"कुठी दिसते? झाकलं ना लिंबायनं."

"तसंच. पाण्याला आत शिरायला फटच नाही. बाहेरून हात लावून परत जातं. आता हे कथील." त्यांनी बोराच्या जागी संत्रं घेतलं. चार लिंबं चारी बाजूंना धरायला त्यांचे हात पुरेनात. सुंदराबाईनं दोन धरली. "आकार तोच, चार कोपऱ्यांना चार. पण मधलं मोठं आहे."

"मधी मधी उघडं पडलं."

"त्या उघड्या जागेतून पाणी शिरतं. म्हणून धूर."

"आन् बिस्मथ?"

"बिस्मथ तर आणखी मोठं. आणि त्याला लिंबं तीनच." शैलाबाईंनी तीन लिंबं संत्र्याच्या एकाच अंगाला लावली, खाली. "ती माठाची तिवई आहे ना, तिच्या तीन पायांसारखी. ती तिन्ही एका बाजूला का गेली? कारण दुसऱ्या बाजूला बिस्मथची स्वतःची एक जोडी बसलेली असते, इलेक्ट्रॉनांची. ती कोणाला धरत नाही, पण जागा अडवते आणि बाकीच्यांना खाली रेटते. जोड्या एकमेकींपासून जमेल तितक्या लांब बसतात. चार-पाच वर्षांपूर्वी विलायतेत हे नीट मांडलंय, नागपूरला आमच्या सरांनी वाचून दाखवलं होतं."

"जोड्या लांब बसतात म्हणे!" मोरोपंत म्हणाले. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

"जोड्या होत्या, सर. सांगायला कोणी नव्हतं."

मोरोपंतांनी हूं केलं, पण खुर्ची पुढं ओढली. "आणि मग नायट्रोजन? तो याच घराण्यातला. त्यालाही तीन पाय, त्यालाही ती जोडी."

"तो बोराएवढा आहे, सर. त्याच्या अंगावर आणखी कोणाला बसायला जागा नाही. त्याची जोडी डोक्यावर शेंडीसारखी उभी. घराण्यात खाली खाली याल तसं अंग मोठं होत जातं. बिस्मथपर्यंत ती जोडी बाकीच्यांना खाली रेटून स्वतः पोटात मुरते आणि वरची बाजू उघडी पडते. पाणी त्या अंगानं येऊन बसतं, क्लोरीनला उठवतं, आणि पांढरं होतं."

सुंदराबाई त्या संत्र्याकडं पाहत राहिली. "मंग ॲसिड आधी टाकलं तं काहून नाई होत?"

"आपण घातलं त्या ॲसिडात क्लोरीनच क्लोरीन. ते आधीच त्या रिकाम्या जागी जाऊन बसतात. नंतर पाणी आलं तरी..."

"बसाले जागाच नाई," सुंदराबाई एकदम म्हणाली. "आमच्या नळावर होते तसंच. ज्याची घागर आधी लागली, तिले कोनी उठवत नाई. मांगून येऊन किती बोंबला!" मग थोडं थांबून म्हणाली, "पन लई पानी वतलं तं मंग उठवतेच. मोठ्या भांड्यात वतलं तवा पुन्हा पांढरं झालं ना."

"अगदी तेच," शैलाबाई म्हणाल्या. "गर्दी कोणाची जास्त, त्यावर."

मोरोपंत उठले. "दोन्ही बाटल्या ॲसिड घालून निवळून घ्या. मीठ वाया गेलेलं नाही, तेवढं बरं." दारापाशी जाऊन ते वळले. "सुंदरा, नियम मोडलास तो मोडलासच. ते मी विसरलेलो नाही."

"हो, साहेब."

शुक्रवार तसाच गेला. सुंदराबाई नळ्या धूत होती, पण बिस्मथच्या नळ्यांची रास तिनं बाजूला ठेवली. ॲसिडला हात लावायचा नाही आणि पाणी दाखवायचं नाही, मग करायचं काय? संध्याकाळपर्यंत पन्नासेक नळ्या साचल्या. ती त्या तशाच झाकून घरी गेली.

शनिवारी सकाळी ती आली तर लॅबमध्ये शिडी. रंगारी वर चढलेला, मोरोपंत खाली उभे. जुन्या अक्षरांखाली तो नवी ओळ काढत होता.

"ये इकडं," मोरोपंत म्हणाले. "बिस्मथ आणि अँटिमनी लिहून झालं. तिसरं कोणतं म्हणालीस?"

"कथील, साहेब."

"कथील," त्यांनी वर सांगितलं. रंगाऱ्यानं लिहिलं, 'बिस्मथ, अँटिमनी, कथील यांना आधी ॲसिड, मग पाणी.'

मग त्यांनी टेबलावरची वही तिच्यापुढं सरकवली. त्यात शैलाबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, सुंदराबाई देवराव यांना विरळ ॲसिड हाताळण्याची परवानगी आहे. खाली मोरोपंतांची सही, आणि एक जागा रिकामी. "मोडलेला नियम तसाच चालू द्यायचा नसतो," ते म्हणाले. "एक तर तू जायचं, नाही तर नियमानं बदलायचं. सही कर. आणि हातमोजे घालायचे. नाही घातलेस तर खरंच घरी पाठवीन."

सुंदराबाईनं तिसरीतल्या अक्षरात सही केली. 'सुं' मोठा आला आणि बाकीचं नाव वहीच्या कडेला जाऊन दाटलं.

"आन् यादी, साहेब?"

"ती काल दुपारीच गेली." मोरोपंत चष्मा पुसत होते. "नाव आहे."

परीक्षेला नागपूरचे परीक्षक आले. त्यांनी बिस्मथची बाटली उचलून उजेडाला धरली, खाली ठेवली आणि पुढं गेले. एवढंच. चांगल्या बाटलीबद्दल कोणी काही बोलत नसतं. माठ भरायचं काम पुढंही पार्वताबाईकडंच राहिलं. ते बदलायला आणखी चार वर्षं जावी लागली, आणि तेही पार्वताबाईचे गुडघे गेले म्हणून. सुंदराबाई कायम झाली, मग अडुसष्ट साली ती बाटल्याही भरायला लागली. दार न लावता. नवीन आलेल्या डिमॉन्स्ट्रेटरांना ती तीन बोटं खाली करून तळहात उघडा दाखवी आणि म्हणे, "हे असं बसते, बाई. वरून मोकळं. पानी इथूनच येते, ध्यानात ठेवा."

पण त्या शनिवारी घरी गेल्यावर तिनं जाईबाईला एवढंच सांगितलं, नाव लागलं.

"मंग अकोला?"

"नाई."

"बरं झालं," जाईबाई म्हणाली. "मातीचा चहा वाचला." आणि डोळ्याला पदर लावून चुलीच्या धुराला शिव्या देत बसली.

सोमवारी सुंदराबाईनं साचलेल्या पन्नास नळ्या काढल्या. मोरीच्या दाराआड जायची सवय पायांना इतकी होती की ती तिकडं दोन पावलं गेलीसुद्धा. मग थांबली, परत वळली, हातमोजे चढवले, आणि नळ्यांचं स्टँड उचलून सरळ खिडकीपाशी नेऊन ठेवलं, जिथं सगळ्यांना दिसेल तिथं.